शेक पोटाला, हाल आतड्याचे

पोटाच्या मागच्या भिंतीशी, आतड्यांच्याही मागे, मूत्रपिंडं आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात त्या भागात जागा चांगली ऐसपैस असते. तिथे चरबीच्या किंवा स्नायूंच्या पेशींतून गाठ उठली, की ती निवांत वाढत राहते. दुखत नाही, रक्त पडत नाही. पँट कमरेला होईनाशी होते, माणूस म्हणतो पोट सुटलं, घरचे म्हणतात जरा फिरायला जात जा. गाठ कळते तेव्हा ती बरेचदा पंधरा-वीस सेंटिमीटरांची झालेली असते. डॉक्टरी भाषेत हा रिट्रोपेरिटोनियल सार्कोमा. आजार दुर्मीळ. मऊ उतींचे जे सार्कोमा होतात त्यांतले साधारण 15 टक्के या जागेत सापडतात. मुख्य इलाज शस्त्रक्रिया: गाठ अखंड काढायची, चिकटलेल्या अवयवांसकट. काही रुग्णांना त्याआधी रेडिएशन देतात, आणि त्या पाच-साडेपाच आठवड्यांत त्यांच्या आतड्यांचे जे हाल होतात त्यांबद्दल मला लिहायचं आहे. आपली माणसं त्या हालांबद्दल बोलत नाहीत. न बोलण्यानं नुकसान होतं, आणि ते मला रोजच्या कामात दिसतं.

मी मेलबर्नमधल्या एका सरकारी रुग्णालयात रेडिएशन थेरपिस्ट आहे. मूळ गाव आजऱ्याजवळ. इथल्या आरएमआयटी विद्यापीठात शिकले आणि याच शहरात राहिले. कुणाला रेडिएशन द्यायचं, किती आणि कुठे, हे डॉक्टर ठरवतात. फिजिसिस्ट हिशेब तपासतात. रुग्णाला टेबलावर रोज त्याच जागी, मिलिमीटरांच्या हिशेबानं झोपवायचं, मशीनवरच स्कॅन काढून आजचं पोट प्लॅनमधल्या पोटाशी जुळतंय का ते बघायचं, आणि जुळलं की किरण सुरू करायचे, हे माझं काम. डॉक्टर रुग्णाला आठवड्यातून एकदा भेटतात, आम्ही सोमवार ते शुक्रवार रोज. त्यामुळे उतरलेला चेहरा आणि एक भोक आत गेलेला कमरेचा पट्टा सगळ्यांत आधी आमच्या नजरेला पडतो.

उपचाराची रीत साधारण अशी. आधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन. हात डोक्यावर, अंगाखाली शरीराच्या आकाराची गादी, श्वासाबरोबर गाठ किती वरखाली होते त्याचीही नोंद. कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे गोंदणाचे ठिपके, रोज जुळवणी करता यावी म्हणून. मग एक-दोन आठवड्यांत प्लॅन तयार होतो. एकूण मात्रा 50.4 ग्रे, ती 28 भागांत वाटलेली, म्हणजे रोज 1.8 ग्रे, काही ठिकाणी 50 ग्रे 25 भागांत देतात. एका वेळी टेबलावर पंधरा-वीस मिनिटं. काही जाणवत नाही, भाजत नाही, मशीन अंगाभोवती फिरतं आणि घरघर ऐकू येते. पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळे म्हणतात, "एवढंच? उगाच घाबरलो."

शस्त्रक्रियेनंतर न देता आधी का द्यायचं, हे नातेवाईक हमखास विचारतात. त्याचं उत्तर आतड्यांतच आहे. गाठ मोठी असते तेव्हा ती लहान आतड्याची वेटोळी पुढे आणि पलीकडे ढकलून ठेवते. त्यामुळे किरणांचा रोख गाठीवर ठेवला तर बरंचसं आतडं आपसूक बाहेर राहतं. गाठ काढली की तीच वेटोळी रिकाम्या जागेत घसरतात आणि ऑपरेशनच्या जखमांमुळे तिथेच चिकटून बसतात. मग त्या जागेला रेडिएशन द्यायचं म्हटलं तर आतड्याचा तोच तुकडा रोज भाजणार. म्हणून नंतरच्या रेडिएशनला आता सहसा कुणी हात घालत नाही. गाठ अजून पोटात असताना दिलेला शेक आतड्याला कमी लागतो. पण कमी म्हणजे लागतच नाही असं नव्हे. गाठीच्या कडेला चिकटलेलं मोठं आतडं, उजवीकडची गाठ असेल तर जठरालगतचं आतडं, काही वेटोळी, हे सगळं थोडंफार तडाख्यात सापडतंच.

आणि आतडं फार नाजूक. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. 1897 मध्येच डेव्हिड वॉल्श नावाच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहून ठेवलं की किरणांजवळ काम करणाऱ्या एका माणसाला पोटाचा त्रास होतो आहे. किरणांचे गुण नीट कळायच्या आधी आतड्यानं तक्रार नोंदवली होती.

असं का होतं ते आमच्या आजऱ्याच्या भातशेतीवरून सांगते. लहान आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांवरच्या पेशी अन्न शोषून घेतात. त्या पेशींचं आयुष्य तीन ते पाच दिवसांचं. त्या गळून पडतात आणि उंचवट्यांच्या पायथ्याच्या खळग्यांत तयार झालेल्या नव्या पेशी वर सरकून त्यांची जागा घेतात. खळगे म्हणजे तरवा, रोपं वाढवायची जागा, आणि उंचवटे म्हणजे ती लावायचं खाचर. रेडिएशनचा मारा नेहमी वेगानं वाढणाऱ्या पेशींवर जास्त बसतो, म्हणजे आधी तरवा करपतो. खाचरात उभं असलेलं पीक काही दिवस हिरवंच दिसतं, आणि नव्या लावणीला रोप मिळत नाही तेव्हा रान उघडं पडतं. पहिला आठवडा-दीड आठवडा बरा जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडतं, ते यामुळे. उपचार संपले की तरवा पुन्हा धरतो. बहुतेकांचा त्रास संपल्यानंतरच्या दोन ते सहा आठवड्यांत ओसरतो.

उघड्या पडलेल्या आतड्याला पाणी शोषता येत नाही. आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी पितो, पण लाळ, जठररस, पित्त, आतड्याचे रस धरून सात-आठ लिटर द्रव रोज आतड्यातून जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा परत शरीरात घेतला जातो. तो घेणं जरा कमी झालं तरी जुलाब सुरू होतात. दुधातली साखर पचवणारं द्रव्य त्याच उंचवट्यांच्या टोकांवर असतं, ते गेलं की जन्मभर दूध पिणाऱ्याला दूध बाधू लागतं. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला पित्त परत घेतलं जातं; ते तिथे सुटलं तर मोठ्या आतड्यात उतरतं आणि पातळ, घाईची परसाकडे लागते. याखेरीज कळा, गुबारा, मळमळ. वारा सरेल की आणखी काही, याची खात्री उरत नाही. आणि अन्नावरची वासना उडते.

हे सगळं मी पहिल्या दिवशीच सांगते, आमच्याकडची नर्स सांगते, छापील पत्रकातही असतं. तरी ते आपल्या घरांत कसं दडपलं जातं हे एका काकांच्या बाबतीत फार जवळून पाहिलं. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काका सत्तरीचे, कऱ्हाडकडचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. मुलगा पॉइंट कुकला राहतो, दोघे नवराबायको त्याच्याकडे कायमचे आलेले. डाव्या मूत्रपिंडाभोवती चरबीचा सार्कोमा, लायपोसार्कोमा. इंग्रजी कामापुरतं. मुलगा शिफ्टमध्ये, म्हणून रोज सून गाडीनं घेऊन यायची. पोरगी मायेची, घरून काम करत करत सासऱ्यांना आणायची, दर आठवड्याच्या तपासणीत दुभाषाचं कामही तीच करायची. रुग्णालय दुभाषा देत होतं, घरच्यांनीच नको म्हटलं होतं. घरचं माणूस असताना परका कशाला, असा सरळ विचार.

तिसऱ्या आठवड्यात नर्सनं विचारलं, जुलाब होतात का, किती वेळा? सुनेनं मराठीत विचारलं, "बाबा, पोट बरं आहे ना?" काका म्हणाले, "बरं आहे." नर्सनं लिहिलं: त्रास नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना टेबलावर घेतलं, स्कॅन काढला. पडद्यावर दोन चित्रं एकमेकांवर येतात, प्लॅनच्या दिवशीचं पोट आणि आजचं. हाडं जुळली, मणके बरोबर बसले. पण प्लॅनच्या दिवशी आखलेली कातडीची रेघ आणि आजची कातडी यांच्यामध्ये पुढच्या बाजूला काळी फट दिसत होती. जवळजवळ सेंटिमीटरभर. आदल्या आठवड्यात ती नव्हती. आतड्याच्या वेटोळ्यांत वायूचे काळे फुगे आणि पातळ द्रव. माणूस खंगला होता, आणि चित्रात ते लपत नव्हतं.

ही फट नुसती वजनाची गोष्ट नसते. किरण शरीरात किती अंतर कापून गाठीपर्यंत जातात त्यावर मात्रेचा सगळा हिशेब बसवलेला असतो. पोट आत गेलं तर अंतर बदलतं, आतडी सरकतात, आणि जो तुकडा प्लॅनमध्ये वाचवलेला असतो तो रोखात येऊ शकतो. फट वाढली तर नवा सीटी, नवा प्लॅन. जुलाब लपवले म्हणून जुलाब वाढण्याची वेळ येते, ती अशी. मी फिजिसिस्टना आणि डॉक्टरांना कळवलं. त्या दिवशीचा उपचार देता येण्याजोगा होता, तो दिला.

टेबल खाली घेताना मी हळूच विचारलं, "काका, सकाळी काय खाऊन आलात?"

"काही नाही."

"आणि पाणी?"

ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, तो पूल लागतो ना मध्ये. गाडी अडकली तर?"

पॉइंट कुकहून शहरात यायचं म्हणजे वेस्ट गेट पूल ओलांडायचा. सकाळी तिथे गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात, थांबायला जागा नाही, उतरायला वाट नाही. एकदा पुलाच्या चढावर काकांना कळ आली होती. स्टिअरिंगवर सून, शेजारी आपण, आणि धोतर-लेंग्याच्या पिढीतला माणूस. त्या दिवसापासून त्यांनी आदल्या रात्रीचं जेवण अर्धं केलं, सकाळचा चहा सोडला, पाण्याचा घोट बंद केला. पोट रिकामं ठेवलं की बाहेर यायला काही राहणार नाही, असा त्यांचा हिशेब. आणि तरीही दिवसाला सहा-सात वेळा जावं लागत होतं, रात्री दोनदा.

मी त्यांच्या भाषेची असले तरी औषधपाण्याच्या बोलण्यात दुभाषाचं काम मी करायचं नाही, तो नियम आहे आणि योग्य आहे. त्याच दुपारी नर्सनं फोनवर मराठी दुभाषा घेतला, योगायोगानं पुरुष निघाला, आणि सुनेला बाहेर चहा प्यायला पाठवलं. खोलीत काका, एक पुरुष नर्स आणि स्पीकरवर तो अनोळखी आवाज. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं, नर्स नंतर म्हणाला.

भिंतीवर एक तक्ता होता, त्याचाही फार उपयोग झाला. ब्रिस्टल स्टूल चार्ट म्हणतात त्याला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी तो 1997 मध्ये प्रसिद्ध केला. शौचाचे सात प्रकार चित्रांत दाखवलेले: पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा टणक, चौथा नीट बांधलेला, सातवा नुसतं पाणी. तोंडानं सांगायची लाज वाटते त्यानं बोट ठेवायचं. काकांनी सातवर ठेवलं. आमच्याकडे जुलाबांची तीव्रता मोजतात ती तुमच्या नेहमीच्या सवयीपेक्षा किती वाढ झाली यावर. रोजच्यापेक्षा चारपेक्षा कमी वाढ असेल तर पहिली पायरी, चार ते सहा वाढ असेल तर दुसरी, सात किंवा जास्त वाढली, ताबा सुटला किंवा भरती व्हावं लागलं तर तिसरी. प्रत्येक पायरीचे इलाज वेगळे. "थोडं बिघडलंय", "बरं आहे", या उत्तरांवरून डॉक्टरला पायरी कळत नाही. आकडा सांगावा लागतो. दिवसाचे किती, रात्री उठावं लागतं का, पातळ किती, रक्त किंवा शेंब पडते का.

काकांना सलाइन लावलं, रक्त तपासलं. ताप नव्हता, रक्त नव्हतं, जंतूंचा संसर्ग नव्हता. मग लोपेरामाइड सुरू झालं, दोन मिलिग्रॅमच्या कॅप्सुल. हे औषध इथे दुकानात सहज मिळतं, म्हणून लोक वाटेल तसं घेतात. पण कधी सुरू करायचं, दिवसाला किती घ्यायचं, कुठे थांबायचं हे लिहून घ्यावं लागतं. ताप असताना किंवा रक्त पडत असताना ते आपल्या मनानं घेऊ नये. मळमळीसाठी जिभेवर विरघळणारी ऑन्डानसेट्रॉनची चकती दिली. ती कधी कधी उलट पोट बांधून ठेवते, तेही आधीच सांगून ठेवलं. उपचाराची वेळ बदलून दुपारची केली, पुलावरची गर्दी ओसरल्यावरची. माझ्या मते औषधाइतकाच त्या बदलाचा गुण आला. सुनेच्या फोनवर सरकारचा नॅशनल पब्लिक टॉयलेट मॅप उतरवून दिला; देशभरातली सार्वजनिक स्वच्छतागृहं त्यावर सापडतात. वाटेत कुठे थांबता येईल हे माहीत असलं की माणूस पाणी प्यायला धजतो.

पाण्याबद्दल थोडं. जुलाबात नुसतं पाणी पुरत नाही, मीठही जातं. साखर आणि सोडियम बरोबर असले की आतड्याची भिंत दोन्हीला एकदम आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. या साध्या गोष्टीवर मीठ-साखरेचं पाणी चालतं, आणि 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्यात ते वापरून हजारोंचा जीव वाचवला. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. इथे हायड्रालाइट नावानं तयार मिळतं. काकूंनी ते घरीच केलं, लिंबू पिळून.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. कऱ्हाडहून फोनवर कुणी कुटजारिष्ट सांगितलं, कुणी बेलफळ, कुणी हळद-दूध. सुनेनं फोडमॅप आहाराची यादी काढली. हा आहार मेलबर्नच्याच मोनाश विद्यापीठात तयार झाला आणि आतड्याच्या एका वेगळ्याच, जुनाट चिडखोरपणावर तो चांगला चालतो. पण यादी बघून तिनं कांदा, लसूण, गहू, डाळी, बरीचशी फळं असं सगळंच बंद केलं होतं. ताटात उरलं काय? आधीच उपाशी राहणाऱ्या माणसाला मोठ्या ऑपरेशनला सामोरं जायचं आहे, त्याच्या ताटातून काही काढण्यापेक्षा त्यात घालायला काय मिळेल ते बघायचं असतं. आमच्या डाएटिशियननं एक दूध तेवढं थांबवलं, लॅक्टोजमुक्त दूध सुचवलं. घट्ट दही चालवून घेतलं, कारण विरजणात दुधातली साखर बरीच मुरलेली असते. मऊ भात, मेतकूट, तूप अगदी थोडं, मुगाचं वरण, अंडं, शिजवलेलं गाजर, दुध्या. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. तळलेलं, फार तिखट, कच्ची कोशिंबीर, कडक चहा-कॉफी तात्पुरतं बाजूला. काढे आणि अरिष्टं उपचार संपेपर्यंत नकोत, आणि काही घेतलंच असेल तर डॉक्टरांना सांगा, असं तिनं दोनदा बजावलं. इसबगोलला मात्र तिची हरकत नव्हती. तो इथे मेटाम्युसिल म्हणून मिळतो आणि पातळ शौच घट्ट करायला कधी कधी मुद्दाम देतात.

जुन्या पत्रकांत रेडिएशनच्या काळात चोथा पूर्ण बंद करायला सांगत. तो सल्ला आता डळमळला आहे. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात ओटीपोटाच्या रेडिएशनवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांनी चोथा वाढवला त्यांना आतड्याचा त्रास कमी झाला. ती ओटीपोटाची गोष्ट, आणि गाठीनं आतडं दाबलं असेल तर चोथा धोक्याचाही ठरतो. म्हणून शेजारच्या रुग्णाचा आहार उचलू नये. रेडिएशन आणि केमोनं होणारी पचनमार्गाची आतली सोलवट हा विषयच कितीतरी वर्षं दुय्यम मानला जायचा. तो पुढे आणणाऱ्यांत ॲडलेडच्या डॉ. डोरोथी कीफ यांचं काम मोठं आहे. त्यांच्या पुढाकारानं याची सुधारित आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं 2007 मध्ये आली, आणि 2019 मध्ये त्या कॅन्सर ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेच्या प्रमुख झाल्या. पोटाच्या तक्रारींना मान मिळाला याचं मला मनापासून बरं वाटतं.

आता एक अवघड प्रश्न, जो रुग्णानं सुरुवातीलाच विचारायला हवा: हे रेडिएशन मला लागणारच आहे का?

हातापायांच्या सार्कोमात रेडिएशनचा फायदा पक्का आहे. पोटाच्या मागच्या सार्कोमात तसा नाही. 2012 ते 2017 या काळात 13 देशांतल्या 31 रुग्णालयांत 266 रुग्णांवर स्ट्रास नावाची चाचणी झाली. निम्म्यांना आधी 50.4 ग्रे रेडिएशन आणि मग शस्त्रक्रिया, निम्म्यांना नुसती शस्त्रक्रिया. निकाल 2020 मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आले. पोटात गाठ पुन्हा न येता गेलेला मध्यम काळ रेडिएशनवाल्यांत साडेचार वर्षं, नुसत्या शस्त्रक्रियेत पाच वर्षं. म्हणजे सरसकट द्यावं असा फायदा दिसला नाही. गंभीर दुष्परिणाम मात्र 24 टक्क्यांना विरुद्ध 10 टक्क्यांना. त्यातही लायपोसार्कोमाचे रुग्ण वेगळे काढून पाहिले तेव्हा काही प्रमाणात उपयोग असावा असं दिसलं, विशेषतः सौम्य प्रतीच्या गाठींत. त्यामुळे आता सगळ्यांना एका मापानं रेडिएशन देत नाहीत. गाठीची जात, प्रत, जागा आणि माणसाची ताकद बघून ठरवतात.

हे ठरवणं एकट्या डॉक्टरचं काम नाही. ऑस्ट्रेलियात अशा रुग्णाची केस सार्कोमाच्या खास गटाच्या बैठकीत जाते: सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर, स्कॅन वाचणारे, पॅथॉलॉजिस्ट सगळे एका टेबलाशी. मेलबर्नचं पीटर मॅककॅलम कॅन्सर सेंटर, सिडनीचं ख्रिस ओब्रायन लाइफहाउस अशा मोजक्या ठिकाणी हे काम एकवटलेलं आहे. एवढ्या मोठ्या देशात याचा अर्थ लांबचा प्रवास. व्हिक्टोरियात एका बाजूचं अंतर 100 किलोमीटरहून जास्त असेल तर प्रवास आणि मुक्कामाच्या खर्चाला सरकारी मदत मिळते. पावत्या ठेवाव्यात. भारतात असाल तर मुंबईचं टाटा मेमोरियल, जे 1941 पासून चालू आहे, किंवा सार्कोमाचा अनुभव असलेलं दुसरं केंद्र. पहिल्याच ऑपरेशनला गाठ फुटली किंवा अर्धी राहिली तर पुढे कितीही किरण दिले तरी ते भरून निघत नाही.

काकांच्या बाबतीत बैठकीचा कौल रेडिएशनकडे पडला होता. फट वाढली नाही. चौथ्या आठवड्यात वजन स्थिरावलं, प्लॅन नव्यानं करावा लागला नाही, आणि 28 भाग न चुकता पुरे झाले. शेवटच्या आठवड्यात ते स्वतःहून आकडा सांगायचे. टेबलावर चढता चढता म्हणायचे, "आज तीन, रात्री शून्य." सुनेसमोर सुद्धा. ती हसून वहीत लिहायची.

रेडिएशन संपलं की लगेच ऑपरेशन करत नाहीत. चार ते सहा आठवडे थांबतात, कधी थोडं जास्त. तेवढ्यात आतड्याची सूज उतरते, वजन भरतं. या काळात मशीनवरचं रोजचं येणं बंद झाल्यानं माणसाला वाटतं आता कुणाला सांगणार. शेवटच्या दिवसानंतरही आठवडा-दोन आठवडे त्रास वाढू शकतो, तेव्हा रुग्णालयानं दिलेला नंबर फ्रिजवर लावून ठेवावा. ताप आला, शौचातून रक्त गेलं, चक्कर येऊ लागली, लघवी कमी आणि गडद झाली, दिवसभर पाणी पोटात ठरेना, तर वाट बघायची नाही. पोट फुगलं, कळा येताहेत, उलट्या होताहेत आणि वारासुद्धा सरत नाही, ही आतडं अडल्याची लक्षणं. तेव्हा सरळ 000 हा इथला तातडीचा नंबर लावायचा. साध्या शंकांसाठी कॅन्सर कौन्सिलचा 13 11 20 हा नंबर आहे, आणि 131 450 वर फोन करून मराठी दुभाषा मागता येतो.

काकांचं ऑपरेशन दिवसभर चाललं. गाठीबरोबर डावं मूत्रपिंड आणि मोठ्या आतड्याचा तुकडाही काढला. उजवं मूत्रपिंड एकट्यानं भागवेल ना, हे रेडिएशनच्याही आधी तपासून ठेवलेलं होतं. आतडं जोडून घेता आलं, बाहेर पिशवी लावावी लागली नाही.

यापुढचा भाग लोकांना ठाऊक नसतो, म्हणून तो मी आवर्जून सांगते. रेडिएशनचा आतड्यावरचा दुसरा परिणाम कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी येतो. किरण लागलेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आकसतात, आतड्याची भिंत जाड आणि ताठर होते, कुठे अरुंद होते. रेडिएशनच्या काळात फार जुलाब झालेल्यांना हे होण्याचा धोका जास्त. जेवल्यावर पोट फुगून दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, मधूनच पिवळे, तेलकट, घाईचे जुलाब. पित्त न शोषलं गेल्यानं जुलाब होत असतील तर त्यावर कोलेस्टिरामाइनची पूड आहे. आतड्याच्या शेवटच्या टोकाला इजा झाली असेल तर बी 12 कमी पडतं आणि थकवा, पायांना मुंग्या सुरू होतात. त्याला इंजेक्शन आहे. शाकाहारी माणसाचं बी 12 बरेचदा मुळातच कमी असतं, त्यानं तर दर वर्षी रक्त तपासावं. तोवर गाव बदललेलं असतं, फॅमिली डॉक्टर नवे असतात, आणि तरुण डॉक्टर म्हणतात पोटाचा साधा विकार आहे. पाच वर्षांपूर्वी पोटाला रेडिएशन घेतलं होतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

उपचार संपताना रेडिएशन विभाग एक पत्र देतो: कुठल्या भागाला, किती ग्रे, किती भागांत, कुठल्या तारखा. मी प्रत्येक मराठी कुटुंबाला सांगते की त्याची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या, एक फोनमध्ये ठेवा, आणि भारतात जाताना पासपोर्टच्या पाकिटात घाला. पुढे कधी पोटाचं ऑपरेशन किंवा कोलोनोस्कोपी करायची वेळ आली तर ते पत्र आधी दाखवा. किरण लागलेल्या आतड्यातून नळी घालताना किंवा तुकडा तपासायला घेताना डॉक्टर हात वेगळा ठेवतात, आणि गुदद्वाराजवळच्या भागाला रेडिएशन झालं असेल तर तिथला तुकडा शक्यतो घेतच नाहीत, कारण ती जखम भरायला फार वेळ लागतो.